न घासायची नळी

साहेब, मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते काल तुमच्या शोकसभेत डोळ्यांनी बघितलं. एकानं तुम्हाला ऋषितुल्य म्हटलं, दुसऱ्यानं निगर्वी म्हटलं आणि तिसऱ्यानं, अहो ऐका तरी, मृदुभाषी म्हटलं. मृदुभाषी! मी तोंडाला पदर लावला. शेजारच्या बायांना वाटलं मला हुंदका आला. तुमच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की कॅन धुणाऱ्या बाया शेडच्या मागं जाऊन उभ्या राहायच्या, हे त्या तिसऱ्याला कोण सांगणार? फॅट कमी लागलं म्हणून भांडायला आलेल्या एका म्हाताऱ्याला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "आबा, आज तुमच्या म्हशीपेक्षा तुमच्या विहिरीनं जास्त दूध दिलंय." तो म्हातारा पुन्हा आपल्या केंद्रावर आला नाही, दुसऱ्या डेरीला दूध घालायला लागला.

शेवटी चेअरमन उठले. तुमच्या फोटोला हात जोडले, घसा साफ केला आणि म्हणाले, "केमिस्टसाहेबांचं सपान आपण पुरं करायचं. त्यांनी पेटंट घेतलेली नळी बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांतल्या आपल्या सगळ्या केंद्रांवर बसवायची. घासायचं काम बंद, सोडा बंद, ब्रश बंद. हीच खरी श्रद्धांजली." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत एवढंही भान कुणाला राहिलं नाही.

मग मी उठले. माझं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत नव्हतं. लॅबमधल्या बाईचं नाव कशाला असेल?

काय बोलले ते सांगते, पण आधी तुम्हाला आठ वर्षं न सांगितलेलं सांगते. तुम्ही असताना सांगायला माझी जीभ उचलली नाही. आता तुम्ही मध्ये तोडू शकत नाही, हा एक फायदा झालाय.

पहिला दिवस आठवतो का? मी अंथुर्ण्याहून सकाळच्या एसटीनं आले होते, घामाघूम. तुम्ही पिंपळीहून मोपेडवर आलात, हेल्मेट टेबलावर आपटलंत आणि माझं मार्कशीट दोन बोटांत धरून वाचलंत, मेलेला उंदीर धरावा तसं. "बारावी सायन्स. म्हणजे अर्धवट. त्यापेक्षा पूर्ण अडाणी परवडतो, त्याला निदान शिकवता तरी येतं." मी मनात म्हटलं, हा माणूस नाकानं कांदे सोलणारा आहे, ह्याच्याकडं आपलं महिनाभरही जमायचं नाही. जमलं. कसं जमलं ते मला अजून कळलेलं नाही.

घरी जाऊन आईला सांगितलं तर तिला तुमच्या बोलण्याचं काहीच वाटलं नाही. तिनं वेगळंच विचारलं. "दुधाला हात लावू देत्यात?" म्हटलं, व्हय, लावू देत्यात, तेच काम हाय. तिच्या लहानपणी आमच्या वस्तीतल्या बायकांनी दुधाच्या भांड्याला हात लावला तर ते भांडं विस्तवात घालून शुद्ध करायचे. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला, देव्हारा उचलला, आम्ही पोरं शाळेत गेलो, सगळं बदललं, पण आईच्या मनातलं ते भांडं तसंच राहिलं होतं. ती म्हणाली, "शकू, दुसऱ्या कुणाच्या दुधाला वास आला तर लोकं भांड्याला नाव ठिवत्यात. तुझ्या दुधाला आला तर हाताला ठिवतील. ध्यानात ठिव."

मी ध्यानात ठेवलं. सगळं जे पुढं बिघडलं ते त्यामुळं बिघडलं, साहेब.

शिकवणं मात्र तुमच्याकडून घ्यावं. हे मी कबूल करते, नाक मुरडत का होईना. त्याच आठवड्यात तुम्ही मला दुधाच्या नळीपाशी नेलंत, जोडाचा नट सोडलात आणि म्हणालात, "बोट घाला आत."

घातलं.

"काय लागतंय?"

"बुळबुळीत."

"हे काय आहे?"

"घाण."

"घाण नव्हे. गाव आहे." तुम्ही खूष झाला होतात. रागात नसताना तुमचा चेहरा किती साधा दिसायचा, हे तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "जंतू सुटा असला की मरतो. पण एकदा का भिंतीला चिकटला, भोवती डिंकासारखं काही सोडलं आणि शेजारी शेजारी वस्ती केली, की मग त्याला क्लोरीन लागत नाही, गरम पाणी लागत नाही. वरचे मरतात, खालचे जगतात. उद्या परत गाव उभं."

"दातावर सकाळी कीट धरतं तसं," मी म्हटलं.

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. "हे कुठं वाचलंत?"

"वाचायला कशाला पायजे? जीभ हाय की मला."

महिन्याभरानं बारामतीच्या कॉलेजात तुमचं व्याख्यान झालं. मी मागच्या बाकावर होते. तुम्ही खडू उचललात आणि म्हणालात, "मित्रहो, हे दातावरच्या कीटासारखं असतं." पोरांनी वहीत लिहून घेतलं. माझं नाव घ्यावं असं तुमच्या स्वप्नातही आलं नसेल. मला हसू आलं आणि रागही आला. घरी जाताना एसटीत मी ठरवलं, ह्या माणसाला आता फुकट काही द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी चहाला बसले आणि विसरले.

मग तुम्हाला पेटंटचं भूत लागलं. परदेशात कुणीतरी आपल्या हळदीवर, आपल्या कडुनिंबावर हक्क लावतंय अशा बातम्या पेपरात यायच्या आणि तुम्ही पेपर टेबलावर आपटायचात. "आपली लोकं झोपलीत!" दर दुसऱ्या शनिवारी सुट्टी घेऊन तुम्ही पुण्याला जायचात, लायब्ररीत बसून जगभरची पेटंटं हातानं उतरवून आणायचात. झेरॉक्स काढायचा नाहीत, कारण झेरॉक्सनं डोक्यात जात नाही म्हणे. सोमवारी ती लांबलचक वही उघडून माझ्यासमोर बसायचात. मी फॅट काढतेय, दूध चाचणीला लावतेय, जंतू किती ते कळायला दुधात घातलेला निळा रंग किती वेळात उडतो ते घड्याळात बघतेय, आणि तुमचं आपलं चालू.

"बघा, शकुंतलाबाई, जगाचा कल बघा." लाल शाई, निळी शाई, हिरवी शाई. लाल म्हणजे जंतूंना मारायची पेटंटं. सगळ्यांत जुनी तीच. विष घाला, क्लोरीन घाला, चांदी घाला. पुढच्या पानांवर लाल कमी होत जायची आणि निळी वाढायची. निळी म्हणजे मारू नका, चिकटूच देऊ नका. जहाजाच्या बुडाला लेप, दवाखान्यातल्या नळ्यांना लेप, डोळ्यांत घालायच्या काचांना लेप. आणि शेवटी शेवटी हिरवी शाई डोकवायला लागली, तेव्हा तर तुम्ही खुर्चीतून उठून उभे राहिलात. "हे जंतू एकमेकांशी बोलतात! रसायनानं निरोप देतात, किती जण जमलो ते मोजतात आणि पुरेसे जमले की मगच गाव बांधतात. आता लोक म्हणतायत, त्यांचं बोलणंच तोडा. समुद्रातलं एक शेवाळ हे करतं. कळलं का कल कुठं चाललाय? मारणं, मग चिकटू न देणं, मग बोलू न देणं."

"आणि घासणं कुठल्या शाईत हाय?" मी विचारलं.

तुम्ही चष्मा काढलात. त्या नजरेनं म्हैस आटली असती. "घासण्याला पेटंट नसतं, शकुंतलाबाई. घासायला बाई लागते. बाईला दमा होतो, बाई रजा टाकते, बाई आळस करते. मला बाई नकोय. नळीनं स्वतःची काळजी स्वतः घ्यायला हवी."

ह्यावर आपलं भांडण कधी संपलं नाही. मी म्हणायचे, घासून उन्हात वाळवलेल्या भांड्याला काय होतंय? तुम्ही म्हणायचात, बारा फुटी नळी उन्हात कुठं घालणार, दोरीवर? एकदा मी खरंच म्हटलं, घालते की. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. एवढा मोठा शास्त्रज्ञ आणि रुसायला सासुरवाशिणीसारखा.

तुमचा लेप बाभळीच्या सालीचा होता. साल उकळायची, काढा गाळायचा, त्यात तुमचं काहीतरी गुपित घालायचं आणि गरम नळीत सात वेळा भरून सुकवायचा. लॅबमध्ये काचेच्या भांड्यात पत्र्याचे तुकडे बुडवून बघितले तर खरंच दोन-तीन दिवस त्यांना काही धरलं नाही. मीच तुम्हाला ते तुकडे दाखवले. तुम्ही लहान पोरासारखे चवड्यांवर उड्या मारल्यात. ते मला आवडलं होतं, हेही आता सांगून टाकते.

मग मोठी चाचणी लावलीत. कूलरला जाणाऱ्या दोन नळ्या, शेजारी शेजारी. एक साधी, एक लेपाची. तीन आठवडे. संध्याकाळी नुसतं पाणी सोडायचं, ब्रश नाही, सोडा नाही. तुम्ही दोन्ही नळ्यांना चिठ्ठ्या लावल्यात आणि मला बजावलंत, "हात लावायचा नाही." साध्या नळीचं दूध वेगळ्या कॅनमध्ये काढून शेजारच्या गोठ्यातल्या वासरांना पाजायचं. लेपाच्या नळीचं दूध मात्र टँकरमध्ये आणि त्यातलाच एक कॅन अंगणवाडीला. कारण तुमचा तुमच्या लेपावर विश्वास! तुम्हाला वाटलं, लेप दिलाय म्हणजे दूध चांगलंच राहणार. अहो, चाचणी व्हायच्या आधीच निकाल लावून मोकळे! उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस निदान उंटावर तरी बसलेला असतो, तुम्ही तर उंटाच्या पेटंटवर बसला होतात.

चौथ्या दिवशी मी लेपाच्या नळीच्या जोडात बोट घातलं. बुळबुळीत लागलं. साध्या नळीएवढं नव्हतं, पण लागलं. आणि त्या नळीचं दूध अंगणवाडीतली पोरं पिणार होती. आईचं बोलणं माझ्या कानात वाजायला लागलं. उद्या एका पोराला हगवण लागली तर लोक काय म्हणतील? केमिस्टसाहेबांचा लेप चुकला असं कुणी म्हणेल? छे. म्हणतील, तितं दुधाला कोण असतंय, ती अंथुर्ण्याची.

तुम्ही दुपारी जेवायला पिंपळीला जायचात. मोपेडचा आवाज फाट्यापर्यंत गेला की मी लेपाच्या नळीचा नट सोडायचे. काथ्याचा लांब ब्रश, गरम पाणी, धुण्याचा सोडा. घासायचे, धुवायचे, शेडच्या पत्र्यावर उन्हात अर्धा तास ठेवायचे आणि तुम्ही यायच्या आत जोडून, चिठ्ठी सरळ करून ठेवायचे. साध्या नळीला हात लावला नाही. तिचं दूध वासरांना जात होतं, वासरांचं पोट दगडाचं असतं. तीन आठवडे रोज हे केलं. मला वाटलं, मी तुमची लाज झाकतेय. चाचणी कशी बिघडते हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच, नळी स्वच्छ, दूध स्वच्छ, साहेब खूष, सगळं गोड.

तीन आठवड्यांनी तुम्ही दोन्ही नळ्या उघडल्यात. साधीत बोटभर चिकटा. लेपाची आरशासारखी. "शकुंतलाबाई, बघा! बघा!" मी बघितलं. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा चहा स्वतःच्या हातानं ओतून दिलात. साखर घालायला विसरलात. मी तसाच प्याले.

कळलं ते दोन वर्षांनी. कृषी कॉलेजची पोरं प्रशिक्षणाला आली होती आणि तुम्ही फळ्यापुढं उभे राहून सांगत होतात, "दोन नळ्यांत फरक फक्त एक पाहिजे. लेप. बाकी पाणी तेच, दूध तेच, हात तेच. दुसरा एक जरी फरक पडला, तर तो निकाल चुलीत घालायचा." मी दारात ट्रे घेऊन उभी होते. ट्रे खाली ठेवला, नाहीतर पडला असता. तोवर तुमचा पेटंटचा अर्ज जाऊन पडला होता, त्यात माझ्या हातची रीडिंगं होती, आणि रीडिंगांखाली माझी सही होती. तुमच्याच हट्टानं घेतलेली. "साक्षीदार म्हणून तुमचं नाव पाहिजे," म्हणाला होतात. व्याख्यानात नाव घेतलं नाहीत आणि तिथं मात्र नेमकं घेतलंत!

मी तीन वेळा सांगायला आले. पहिल्या वेळी तुम्ही एका ड्रायव्हरला सोलून काढत होतात, मी मागच्या मागं परत गेले. दुसऱ्या वेळी आपण मोरगावला केंद्र बघायला एसटीनं निघालो होतो. जवळजवळ तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "आमच्या घराण्यात सात पिढ्या मेंढरांमागं गेल्या. कुणाच्या नावाचा कागद म्हणून नाही. पहिला कागद माझा होणार." मी तोंड मिटलं. तिसऱ्या वेळी पेटंट मंजूर झाल्याचं पत्रच आलं होतं आणि टेबलावर पेढे होते. तोंडात मूग धरतात, मी पेढा धरला.

आणि मग, साहेब, तुम्ही जे सुरू केलंत त्यानं माझा तुमच्यावरचा उरलासुरला आदरही गेला. चेअरमन मागं लागले, नळ्या बसवू. तुम्ही म्हणालात, अजून एक उन्हाळा बघू. उन्हाळा गेला. म्हणालात, पाऊसकाळ बघू. पाऊसकाळ गेला. मग सालीची प्रत बरोबर नाही. मग पाण्यात क्षार जास्त. अहो, दहा वर्षं ज्याच्यासाठी जगाला मूर्ख म्हणत होतात, ते हातात आल्यावर शेपूट घातलंत! मी बायांना सांगायचे, आपले साहेब म्हणजे स्वतःच्या पोरीच्या लग्नाला स्वतःच मोडता घालणारा बाप. बाया हसायच्या. मनातून मला बरंही वाटायचं, नळ्या बसत नव्हत्या तोवर माझं पाप झाकलेलं होतं. पण त्यासाठी तुमचे उपकार मानावेत असं काही वाटलं नाही. मला वाटायचं, तुम्हाला अजून मोठं गिऱ्हाईक पाहिजे असणार. मी तुम्हाला हावरट समजत होते.

पेटंटची वही तुम्ही त्या वर्षात उघडली नाहीत. मी विचारलंही, "साहेब, जगाचा कल कुठं गेला आता?" तुम्ही म्हणालात, "जाऊ द्या हो जगाला." मला वाटलं, वय झालं.

आता काल. चेअरमनच्या टाळ्या संपायच्या आत मी उभी राहिले. म्हटलं, "नळ्या बसवू नका. त्या नळीला काय बी व्हत न्हाय. तीन आठवडे रोज दुपारी मी ती घासत हुते. साहेबांना म्हाईत नव्हतं. ती स्वच्छ राहिली ती लेपानं न्हाय, माझ्या हातानं राहिली. ब्रश बंद केलासा तर लेकरं आजारी पडतील."

काय झालं असेल, ओळखा. कुणी दचकलं नाही. कुणी विचारलं नाही, कशी घासत होतीस. मागून एक जण मोठ्यानं म्हणाला, "बघा, माणसाची राख थंड झाली न्हाय तवर हिला शिरेय पायजे." दुसरा म्हणाला, "पेटंटात वाटा मागती." एक बाई, जिला तुमच्याच तोंडाच्या पट्ट्यापासून मी कितीदा वाचवलं होतं, ती म्हणाली, "आमी बी घासत हुतो की, आमी मागतोय का काय?" चेअरमन हसले, लहान पोराला समजवावं तसं. "शकूबाई, तुमचं काम आमाला ठावं हाय. बसा. तुमचा बी सत्कार करू." सत्कार! कबुली दिली आणि हे शाल द्यायला निघाले. तुमची आठवण त्या क्षणाला एवढी आली, साहेब. तुम्ही असता तर त्या हॉलातल्या एकेकाला सोलून वाळत घातलं असतं. मला पहिल्यांदा तुमच्या त्या तोंडाची किंमत कळली.

मी खाली बसणार होते. तेवढ्यात वैनी उठल्या.

तुमच्या मंडळींना, आमच्या इंदूवैनींना, मी कधी चारचौघांत बोलताना ऐकलं नव्हतं. तुमच्या घरी बोलायला जागा तरी कुठं होती? त्या पुढच्या रांगेत होत्या, तिथंच उभ्या राहिल्या आणि मागं वळल्या. "शकूताई खरं बोलत्यात. नळी चालत न्हाय. ह्यांना ठावं हुतं."

त्या लोकांकडं बघून नव्हे, माझ्याकडं बघून बोलत होत्या. "पेटंटचं पत्र आल्यावर ह्यांनी परसात दोन नळ्या लावल्या. आमच्याच म्हशीचं दूध. कुणाला हात लावू दिला न्हाय, मला बी न्हाय. तीन आठवड्यानं बघितलं तर दोन्हीत सारखाच बुळका. दोन दीस जेवलं न्हाईत. मग म्हनले, इंदू, तितं घासणारा हात एकच हाय. मी म्हनलं, मग जाऊन इचारा की त्यास्नी. तर म्हनले, न्हाय. तिला कळलं की आपल्यामुळं झालं, तर काम सोडून जाईल. तिला लई वाईट वाटंल."

वैनी बसल्या. चेअरमननी पाण्याचा पेला उचलला, प्यायला आणि सभा संपली असं जाहीर केलं. नळ्यांचं पुढं कुणी काही बोललं नाही. आज सकाळी केंद्रावर फोन आला, ब्रश आणि सोडा पहिल्यासारखाच चालू ठेवायचा. म्हणजे ते काम झालं, तुमच्या आणि माझ्या मनासारखं.

पण साहेब, मी तुमच्यावर इतकी चिडले आहे की मला धड रडताही येत नाही. एक वर्ष! एक वर्ष आपण एका टेबलाला समोरासमोर बसून चहा प्यायलो. तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि दोघंही एकमेकांना वाचवायला गप्प. सगळ्या तालुक्याला तोंडावर मूर्ख म्हणणारा माणूस, आणि दया करायला तुम्हाला माझ्याशिवाय कुणी सापडलं नाही? ज्यानं पहिल्याच दिवशी मला अर्धवट म्हटलं, तो मला वाईट वाटेल म्हणून भ्यायला? आणि त्या भिण्यापायी सगळ्या केंद्रांवरची लेकरं चेअरमनच्या भरवशावर सोडून निघून गेलात! भेकड माणसा. भेकड, भेकड माणसा. आणि मी तुम्हाला हावरट म्हणत होते, बायांना हसवत होते, ते आता कुणाकडं परत घेऊ?

मला वाईट वाटलं असतं, साहेब. खोटं कशाला बोलू? चार दिवस वाटलं असतं. मी रजा टाकली असती, तुम्ही पोरांसमोर माझी टिंगल केली असती. पाचव्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं आले असते आणि आपण दोघांनी मिळून नळ्या परत लावल्या असत्या.